चेन मशीनचं इंजिन पुन्हा पुन्हा धरत असेल तर

ऑक्टोबरात काटोलहून साळभाऊचा फोन आला. "भाऊजी, मशीन पुन्हा धरली." मागून सालदाराचा आवाज ऐकू येत होता, "मालक, सकाळपासूनच लय तपून रायली होती." मशीन म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची चेनसॉ, आणि धरली म्हणजे पिस्टन आत चिकटून इंजिन फिरेनासं झालं. दोन वर्षांत ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळी मी नागपुरात मानेवाड्याच्या घरी, पोर्चमध्ये पोतं अंथरून ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलेंडर) खोलून पिस्टन बदलला होता. मशीन सुरू झाली की बायकोला हाक मारून दाखवलीही होती. म्हणजे मी इंजिन दोनदा दुरुस्त केलं आणि ते का धरतं हे एकदाही शोधलं नाही.

मशीन सगळ्यांकडे असते तीच. ऑनलाइन मागवलेली चिनी बनावटीची, अंगावर ५८ सीसी लिहिलेली, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी २२ इंची. काम म्हणाल तर बागेतली वाळलेली संत्र्याची झाडं आणि बांधावरची बाभूळ. (शहरात घरासमोरचा कडुनिंब कापायला कोणी मशीन मागितली तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी पाहा. १९७५ चा झाड जतनाचा कायदा आहे, आणि मशीन कोणाची हेही विचारलं जातं.)

जुने पिस्टन मी फेकत नाही, ही सवय या वेळी कामी आली. तिन्ही पिस्टन खिडकीच्या उजेडात ओळीने ठेवले तेव्हा कळलं की पहिला एका कारणाने गेला होता आणि उरलेले दोन वेगळ्याच. खाली जे लिहितोय ते त्या तीन पिस्टनवरूनच.

आधी इंजिनच धरलं आहे का ते पाहा

मशीन सुरू करायचा दोर ओढला जात नाही म्हणजे पिस्टन चिकटला असं लगेच धरून चालू नका. निम्म्या वेळा भानगड बाहेरचीच असते.

पहिल्यांदा प्लगची टोपी काढा. मग चेनचा ब्रेक मागे ओढून सोडा आणि बाजूचं कव्हर, पट्टी, चेन काढून टाका. या मशीनमध्ये ब्रेकची पट्टी त्या कव्हरातच असते, त्यामुळे कव्हर निघालं की ब्रेकचा संशय आपोआप मिटतो. ब्रेक लागलेला असताना मात्र कव्हर काढू नका. तसं काढलं तर परत बसवताना क्लचच्या ड्रमवर चढत नाही आणि अर्धा तास जातो. कव्हर काढल्यावर क्लचभोवती भुसा आणि ऑइलचा जो काळा चिखल असतो तो खरवडून काढा, कधीकधी चेनचा तुटका तुकडाच तिथे अडकलेला असतो. आता दोर ओढून पाहा. फिरलं तर इंजिन ठीक आहे.

नाही फिरलं तर दोराकडचं कव्हर खोला, चार स्क्रू असतात. कव्हर हातात आल्यावर दोर वेगळा ओढून पाहा. तोच अडकला असेल तर स्प्रिंग किंवा कुत्रं (इंजिनला पकडणारा खटका) तुटलेलं असतं. दोर मोकळा असेल तर प्लग काढून फ्लायव्हील (दोराच्या कव्हरामागचं पात्यांचं चाक) हाताने फिरवा. प्लग काढल्याबरोबर फिरलं आणि भोकातून पेट्रोलची पिचकारी आली, तर पिस्टनच्या डोक्यावर पेट्रोल साचलं होतं एवढंच. मशीन उलटी करून रिकामी करा, प्लग पुसा, थोडा वेळ वारा लागू द्या. हे करताना जवळपास विडी-काडी नको, आणि भोकासमोर तोंड तर मुळीच नको.

एवढं सगळं करूनही फ्लायव्हील हलत नसेल तर मग ते धरलेलं आहे. जोर लावायचा मोह होतो. लावू नका. दोराला दोघांनी मिळून लोंबकळल्याने दोराची पुली फुटते, आणि फ्लायव्हीलला हातोडी मारली तर त्याच्या पात्या तुटतात. पहिल्या वेळी माझी एक पाती अशीच गेली.

आणखी एक. काम चालू असताना मशीन बंद पडली, दोर घट्ट झाला आणि चहा होईपर्यंत सुटला, असं झालं तर लोक खूश होऊन पुन्हा सुरू करतात. गरम पिस्टन फुगून ब्लॉकला घासला आणि थंड होऊन आकसला म्हणून तो सुटला. ओरखडे पडायचे ते पडून गेलेले असतात. दुसऱ्यांदा धरतो तेव्हा पिस्टनवरची रिंग तोडूनच धरतो.

सायलेन्सर काढा, आतलं दिसतं

ब्लॉक खोलण्याआधी सायलेन्सर काढायचा. दोन बोल्ट असतात, फार तर तीन. त्यामागे ब्लॉकचं धूर बाहेर जायचं तोंड असतं, आणि त्यातून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात पिस्टनची बाजू थेट दिसते. चांगला पिस्टन राखाडी, गुळगुळीत दिसतो, त्यावर लेथच्या बारीक आडव्या रेषा असतात. धरलेल्या पिस्टनवर उभे ओरखडे असतात, खवणीने ओढल्यासारखे. पिस्टन हलत असेल तर फ्लायव्हील हळूहळू फिरवत वरपासून खालपर्यंत पाहा, रिंगही दिसतात. रिंगचं टोक तोंडात अडकून तुटलं असेल तर तिथेच चकाकतं.

मशीन पावसाळाभर कोठ्यात पडून होती आणि पोळ्यानंतर काढल्यावर धरलेली सापडली, तर प्रकरण वेगळं आहे. तिथे ओरखडे नसतात, गंज असतो. प्लगच्या भोकातून आणि सायलेन्सरच्या तोंडातून डिझेल आणि टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) निम्मं-निम्मं करून सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हीलच्या नटाला पाना लावून केसभर इकडे, केसभर तिकडे हलवा. एकदम गरकन फिरवायला जाऊ नका. सुटलं की सगळं सांडून टाका आणि बेअरिंगचा आवाज ऐका. खरखर करत असेल तर गंज क्रँकच्या, म्हणजे पिस्टन जो दांडा फिरवतो त्याच्या, बेअरिंगपर्यंत गेला आहे आणि पूर्ण इंजिन फोडावं लागेल. ते काम घरी करू नका असं माझं मत आहे. क्रँककेसचे, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीचे, दोन भाग सरळ वेगळे करायला पुलर लागतो, आणि त्या कामाची मजुरी मशीनच्या किमतीच्या जवळ जाते.

तीन पिस्टन काय म्हणाले

पहिला पिस्टन मे महिन्यातला. चारही बाजूंनी ओरबाडलेला, कोरडा ठणठणीत, डोक्यावर काजळी नाहीच. याचं कारण सरळ होतं, ऑइल कमी. सालदार पेट्रोलच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये टू-टी ऑइलची "दोन झाकणं" टाकायचा. मी त्या झाकणात पाणी भरून मोजलं तर जेमतेम १२ मिली. म्हणजे पाच लिटरला २४ मिली, जवळपास २०० ला १. या मशीनच्या पुस्तकात २५ ला १ लिहिलेलं असतं, म्हणजे लिटरला ४० मिली. इतक्या कमी ऑइलवर ती चार दिवस चालली याचंच नवल.

टू-स्ट्रोकमध्ये वेगळं इंजिन ऑइल नसतं हे नव्या पोरांना माहीत नसतं, त्यात त्यांचा दोष नाही. लुना आणि चेतकच्या काळात पंपावर पेट्रोलसोबत ऑइल मारून मिळायचं, ते सगळ्यांच्या डोळ्यासमोर होतं. आता गाड्या फोर-स्ट्रोक झाल्या आणि ते ज्ञान घराघरांतून गेलं. क्रँक, बेअरिंग, पिस्टन, सगळ्यांना जे काही वंगण मिळतं ते त्या पेट्रोलमधून. आणि मशीनला दोन टाक्या असतात. एक पेट्रोलची, दुसरी चेनच्या ऑइलची. दुसरी भरली म्हणजे इंजिनला ऑइल मिळालं असं समजणारा माणूस मला दर वर्षी एक तरी भेटतो.

दुसरा पिस्टन डिसेंबरातला, थंडीच्या सकाळी धरलेला. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला. मागची बाजू, म्हणजे कार्बोरेटरकडची, नव्यासारखी. प्लगचं टोक पांढरंफटक. तेव्हा मी काय केलं? ऑइल कमी पडलं असं पुन्हा समजलो आणि लिटरला ५० मिली करून टाकलं. हा मूर्खपणा होता. बाजू सांगत होती की ऑइल पोचत होतं, कारण मागची बाजू ओली होती. कमी पडत होतं पेट्रोल. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आग जास्त गरम होते, आणि सगळ्यात तापणारी जागा म्हणजे सायलेन्सरचं तोंड. पिस्टन तिथेच आधी फुगतो आणि घासतो. ऑइल वाढवून तर मी उलटंच केलं. कार्बोरेटरच्या त्याच भोकातून आता ऑइल जास्त जाणार आणि पेट्रोल आणखी कमी.

तिसरा ऑक्टोबरातला, हुबेहूब दुसऱ्यासारखा. दोघांना शेजारी ठेवलं तर जुळे भाऊ.

म्हणून सांगतो, पिस्टन बाहेर आला की नवीन किट (ब्लॉक, पिस्टन, रिंग) मागवण्याआधी त्याला फिरवून पाहा. चारही बाजूंनी कोरडे ओरखडे म्हणजे ऑइल नाही किंवा चुकीचं ऑइल. फक्त सायलेन्सरच्या बाजूला म्हणजे पेट्रोल कमी किंवा बाहेरची हवा आत. फक्त कार्बोरेटरच्या बाजूला मळकट, बारीक, वाळूने घासल्यासारखं म्हणजे एअर फिल्टर फाटलेला आणि धूळ आत गेली. चार ठिकाणी, चार कोपऱ्यांवर सारखे पट्टे म्हणजे थंड इंजिन सुरू केल्याबरोबर फुल रेस, किंवा ब्लॉक थंड ठेवणाऱ्या पंखांच्या फटी भुशाने बुजलेल्या. बाभळीचा भुसा चेनच्या ऑइलसोबत ब्लॉकच्या फटींत असा बसतो की स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागतो.

ब्लॉक वाचतो का

ब्लॉक काढायला चार एलन बोल्ट. त्याआधी कार्बोरेटर, त्याचा रबरी बूट आणि प्लगची कॉइल बाजूला करायची. ब्लॉक वर ओढला की पिस्टन उघडा पडतो. लगेच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ सुती फडकं कोंबा. पिनचं लॉक उडून आत पडलं तर तुम्हाला ते काम करावं लागेल जे करू नका असं मी वर म्हटलं.

आता ब्लॉकच्या आतून नख फिरवा. नख अडखळत असेल तर विचार करा, ते वर आलेल्या गोष्टीला अडखळतंय की खोल गेलेल्या. बहुतेक वेळा ब्लॉकवर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम चोपडलेलं असतं, ब्लॉकचा स्वतःचा कडक थर खाली शाबूत असतो. हे चोपडलेलं अ‍ॅल्युमिनियम काढायला हार्डवेअरच्या दुकानातलं फरशी-संडास धुवायचं ॲसिड वापरता येतं, बाटलीवर हायड्रोक्लोरिक लिहिलेलं हवं. ते अ‍ॅल्युमिनियम खातं आणि कडक थराला फारसा हात लावत नाही. कानात घालायच्या कापसाच्या काडीने, फक्त त्या डागावर, थेंब थेंब लावा. फेस येतो, पुसा, पुन्हा लावा. फेस यायचा थांबला की अ‍ॅल्युमिनियम संपलं. एकाच जागी फेस थांबतच नसेल तर तिथला थर निघालेला आहे, ॲसिड ब्लॉकच खात आहे. तो ब्लॉक सोडून द्या.

हे काम गच्चीवर, हातमोजे आणि चष्मा घालूनच. वास नाकात गेला तर खोकला दिवसभर जात नाही. ॲसिड सायलेन्सरच्या किंवा हवेच्या तोंडांत ओघळू देऊ नका, तिथे थर नसतो. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, मग भांड्याच्या साबणाने, पुसून लगेच ऑइलचा हात फिरवा. नंतर लाल रंगाच्या घासणीने तिरप्या फुल्या मारत आतून हलकं घासा. पॉलिश पेपर नको.

माझा दुसरा ब्लॉक असाच वाचला होता, फक्त पिस्टन आणि रिंग बदलल्या. तिसऱ्या वेळी खोल चर होता, पूर्ण किट घ्यावी लागली.

किट मागवताना एक खोच आहे. ५२ सीसीची किट ४५ मिमी व्यासाची येते आणि ५८ ची ४५.२ मिमीची. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. आणि बाहेर ५८ चं स्टिकर असलं म्हणजे आत ५८ चंच असतं असं नाही. व्हर्नियरने पिस्टन मोजा. व्हर्नियर नसेल तर लेथवाल्याकडे पिस्टन घेऊन जा, एका मिनिटाचं काम आहे, सहसा पैसेही घेत नाही.

बसवताना

पिस्टनच्या डोक्यावर बाण असतो, तो सायलेन्सरकडे. उलटा बसला तर रिंगचं तोंड ब्लॉकच्या खिडकीत (धूर-हवेच्या भोकात) अडकून तुटतं. पिनचे लॉक नवेच वापरा, जुने कधी नाही. लॉकचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा. रिंगच्या खाचेत एक बारीक खुंटी असते, रिंगची दोन टोकं तिच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत. ब्लॉक खाली सरकवताना अडलं तर थांबा, खुंटीच चुकली असते. सगळीकडे टू-टी ऑइल लावा, गॅस्केट नवं घ्या, बोल्ट फुलीत, समोरासमोरचे, आवळा.

ब्लॉक चढवण्याआधी रिंग एकटी ब्लॉकमध्ये सारून, पिस्टनने सरळ करून, तिच्या दोन टोकांतली फट फिलर गेजने मोजा. ०.१५ ते ०.३५ मिमीच्या आसपास हवी. फटच नसेल तर तापल्यावर रिंगला फुगायला जागा राहत नाही आणि तीच धरते. स्वस्त किटमध्ये हे होतं.

सगळं जोडून प्लग लावला की दोराची मूठ धरून मशीन हळूच लटकवा. दोर भराभर सुटत न जाता मशीन अडखळत अडखळत खाली आली तर दाब ठीक आहे.

हवा कुठून येत होती

तिसऱ्या वेळी मी जे पहिल्या वेळी करायला हवं होतं ते केलं. पेट्रोल कमी पडायची कारणं एक एक करून काढली. टाकीतला फिल्टर स्वच्छ होता. टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येत नव्हता, म्हणजे हवेचं भोक मोकळं. (ते बुजलं की मशीन दहा मिनिटं छान चालते आणि मग मरते.) पेट्रोलची नळी थोडी कडक झाली होती, बदलली. आता आपल्याकडे पंपावर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, ते स्वस्त रबर आणि कार्बोरेटरच्या पडद्यांना सोसत नाही. त्यात इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच सेटिंगवर मिश्रण आणखी कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. आणि हे पेट्रोल ओलावा ओढतं. पावसाळ्यात महिनाभर कॅनमध्ये ठेवलेलं मिश्रण मशीनमध्ये टाकू नका.

कार्बोरेटर आणि ब्लॉकमधला रबरी बूट दुमडून पाहिला, भेग नव्हती. उरले क्रँकच्या दोन बाजूंचे, हवा अडवणारे रबरी सील.

हे तपासायची एक घरगुती युक्ती आहे. घरात जुनं, घड्याळासारख्या काट्याचं बीपी मशीन असेल तर त्याचा फुगा आणि काटा घ्या, पट्टा बाजूला ठेवा. पाऱ्याचं बीपी मशीन यात वापरू नका. एक जुना प्लग आतून पोकळ करून त्याला नळी चिकटवली आणि प्लगच्या जागी लावली. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या तोंडांवर सायकलच्या जाड ट्यूबचे तुकडे ठेवून बोल्ट कसले. फ्लायव्हील फिरवून पिस्टन अगदी खाली आणला, म्हणजे वरची जागा आणि क्रँककेस एकमेकांना उघडे होतात. मग फुगा दाबत काटा ३०० पर्यंत नेला. ३०० म्हणजे साधारण ०.४ बार, एवढा दाब पुरतो. काटा निदान अर्धा मिनिट जागचा हलायला नको. माझा दहा सेकंदांत शंभराच्या खाली.

साबणाचं पाणी लावत गेलो. गॅस्केटला नाही. फ्लायव्हीलकडे नाही. क्लचच्या बाजूला, क्रँकभोवती, फुगे.

आणि तिथेच मला सगळं उलगडलं. क्लचचा ड्रम निळा पडला होता, जळक्या तव्यासारखा. त्यामागचं चेनचा ऑइल पंप फिरवणारं प्लॅस्टिकचं गिअर अर्धं वितळलेलं. आणि सील दगडासारखा कडक. साळभाऊला फोन केला. सालदार मशीन कशी सुरू करतो? "ब्रेक लावूनच करतो भाऊजी, तुम्हीच सांगितलं होतं." बरोबर, मीच सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नव्हतं. सुरू झाल्यावर ब्रेक सोडायचा. तो ब्रेक लावलेलाच ठेवून मशीन "तापवायला" मिनिटभर फुल रेस करायचा. क्लच ड्रमला घासत राहायचा, ड्रम तापायचा, आणि त्याच्या मागेच, बोटभर अंतरावर, रबरी सील.

सील कडक झाल्यावर पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते ती पेट्रोलऐवजी तिथून हवा ओढायची. याची लक्षणं वर्षभर दिसत होती. मशीन गरम झाल्यावर रेस सोडली तरी इंजिन पटकन खाली यायचं नाही. कधी स्लोवरही, म्हणजे रेस न देता, चेन फिरायची. कधी मशीन आडवी केली की आवाज बदलायचा. सालदाराने काय केलं, स्लोचा स्क्रू मागे घेतला. आवाज खाली आला, सगळ्यांना वाटलं जमलं. तुमच्याही मशीनचा स्लो दर दोन दिवसांनी बदलावा लागत असेल तर स्क्रूला हात लावू नका, हवा शोधा.

सील बदलायला इंजिन फोडायची गरज नव्हती. प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सारून पिस्टन अडवला आणि क्लच सोडवला. क्लचचे आटे उलटे असतात, नेहमीच्या सोडवायच्या दिशेने जोर लावाल तर तो आणखी कसला जाईल. ऑइल पंप काढला. सीलच्या कडेला बारीक स्क्रू दीड आटे घुसवून चिमट्याने ओढला, क्रँकला ओरखडा जाऊ दिला नाही. जुना सील खिशात घालून बेअरिंग-सीलच्या दुकानात गेलो, त्याने व्हर्नियरवर माप पाहून दिला. सीलच्या आतल्या ओठाला ग्रीस लावून, बरोबर त्याच घेराचा सॉकेट ठेवून ठोकत बसवला. पुन्हा फुगा दाबला. काटा हलला नाही. मग मोठ्या सिरिंजने उलटी ओढही लावून पाहिली, कारण काही सील दाबात टिकतात आणि ओढीत गळतात. तोही टिकला.

मिश्रण आणि दोन स्क्रू

मोजायला मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणली आणि कॅनच्या दांड्याला बांधून टाकली. लिटरला ४० मिली. टू-टी ऑइलच्या डब्यावर एफसी किंवा एफडी हा दर्जा लिहिलेला पाहून घ्या. गाडीचं फोर-स्ट्रोक ऑइल यात चालत नाही.

कार्बोरेटरवर एच (फुल रेसचं पेट्रोल) आणि एल (कमी रेसचं पेट्रोल) असे दोन स्क्रू असतात, तिसरा स्लोचा. दोन्ही हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन दीड-दीड फेरी बाहेर, इथून सुरुवात. मशीन तापवून, ब्रेक सोडून, चेन लाकडाला न लावता दोन-तीन सेकंद फुल रेस द्या आणि ऐका. आवाज जरा भरल्यासारखा, फडफडणारा यायला हवा, आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हायला हवा. हवेतच स्वच्छ, बारीक किंचाळत असेल तर पेट्रोल कमी आहे. एच पाव फेरी बाहेर काढा. लोकांना तो किंचाळणारा आवाज ताकदीचा वाटतो, म्हणून एच आत घेत जातात. दोन टाक्या चालल्यावर प्लग काढून पाहा. कॉफीच्या रंगाचा असेल तर बरोबर, पांढरा असेल तर थांबा.

दुसऱ्या पिस्टनचं एक कोडं इथे सुटतं. पहिल्या दुरुस्तीनंतर मी एच स्क्रू मे महिन्यात लावला होता, ४५ अंशांत. गरम हवा पातळ असते, तेवढ्याच पेट्रोलला ती कमी पडते, म्हणून तेव्हा ते सेटिंग भरलेलं वाटलं. डिसेंबरात काटोलला पहाटे पारा दहाच्या आसपास येतो. तीच हवा दाट झाली, पेट्रोल तेवढंच राहिलं, आणि सील तेव्हाच थोडा गळू लागला असणार. नागपूरकडे राहत असाल तर एच वर्षातून दोनदा पाहा, होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा.

नव्या किटच्या पहिल्या दोन टाक्या सालदाराला फांद्यांवरच घालवायला लावल्या, जाड बुंधा नाही, सलग फुल रेस नाही. ब्रेकचं त्याच्याकडून तीनदा करून घेतलं. दोर ओढ, सुरू झाली, ब्रेक मागे, मग रेस. तो हसला. "एवढंच होय मालक? मी म्हटलं मशीनच खराब हाय."

तेव्हापासून बांधावरच्या सहा बाभळी आणि वाळलेली बाग झाली. तापल्यावर रेस सोडली की इंजिन लगेच खाली बसतं, चेन थांबते. परवा प्लग पाहिला, तपकिरी होता. रात्री उभी ठेवली की चेनचं ऑइल मात्र फरशीवर सांडतं. पंप परत बसवताना माझ्याकडूनच काहीतरी राहिलं असावं. सध्या खाली जुनं ताट ठेवलंय.